वीस वर्षांनी हनिमून, आणि परत येण्याची हमी

आमचा निकाह डिसेंबर 2003 मध्ये झाला. आम्ही दोघेही तेव्हा नुकतेच शिक्षक म्हणून लागलो होतो. वलिमा झाल्यावर चौथ्या दिवशी गुलबर्ग्याला गेलो. दुसऱ्या दिवशी विजापूरचा गोल घुमट बघायचा आणि मग सोलापूरला परतायचे, असा बेत होता. रात्री लॉजच्या फोनवर निरोप आला की अब्बांच्या छातीत दुखते आहे. पहाटेची गाडी पकडून घरी आलो. आमचा हनिमून तेवढाच.

पुढे अब्बांचे आजारपण, दोन बहिणींची लग्ने, मुलीचा जन्म, मुलाचा जन्म, घराचे बांधकाम. प्रत्येक उन्हाळ्याच्या सुट्टीत म्हणायचे, पुढच्या वर्षी इन्शाअल्लाह. वीस वर्षे अशीच गेली. शेवटी अम्मींनीच आम्हाला घराबाहेर काढले. "मेरे जीते जी जाओ रे बाबा, बच्चों को मैं देखती," असे त्या म्हणाल्या तेव्हा मुलगी बारावीत होती आणि मुलगा नववीत.

ठरले ते असे. 2024 च्या मे महिन्यात आधी उझबेकिस्तान, मग तुर्कस्तान आणि शेवटी युरोपातील एका देशात बेगमच्या धाकट्या बहिणीकडे. बहिणींची भेट होऊन सहा वर्षे झाली होती. तिला आठ महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती आणि मावशीने भाचीला फक्त मोबाइलवर पाहिले होते. हनिमून आमचा असला तरी मन त्या बाळाकडे लागले होते.

नावाचे दुखणे

पहिली अडचण घरातच निघाली. बेगमच्या जुन्या पासपोर्टवर एकच शब्द होता, त्यांचे स्वतःचे नाव. आडनावाचा रकाना कोरा. आपल्या समाजात अशा पासपोर्टच्या बायका पुष्कळ आहेत. फॉर्म भरणाऱ्याने विचारले नाही, आपण सांगितले नाही. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीने नियम केला की एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटन किंवा भेटीचा व्हिसा मिळणार नाही. नंतर पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे नाव असेल तर सवलत दिली. आम्हाला तिकडे जायचे नव्हते, पण ट्रॅव्हल एजंट म्हणाला, "सर, आज तिथे आहे, उद्या आणखी कुठे येईल. आधी नाव नीट करा."

नाव नीट करायला कागद काढले तर 'शेख' हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ए-आय, आधार कार्डावर ई-आय, बँकेत नुसता ई. निकाहनामा उर्दूत. त्यात बेगमचे नाव वडिलांच्या नावासह आहे, जसे आपल्याकडे असायला हवे. सरकारी कागदांवर मात्र मधे नवऱ्याचे नाव. वीस वर्षे आम्ही मुलांच्या प्रवेश अर्जांतल्या स्पेलिंगच्या चुका लाल पेनाने दाखवत आलो, आणि आमच्याच घरातील एका बाईची तीन नावे होती हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा 1998 चा आहे. आम्ही नोंदणी केली नव्हती. निकाहनामा आहे, मग आणखी कशाला, असेच वाटायचे. आता महानगरपालिकेत जाऊन, साक्षीदार उभे करून ती केली. निकाहनाम्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले, आधार आणि बँकेतील नाव दुरुस्त केले आणि मग नवा पासपोर्ट काढला. चार महिने गेले. नवा पासपोर्ट हातात आल्यावर बेगम म्हणाल्या, "चला, आता मी एकच बाई झाले."

नकार

युरोपातील ज्या देशांना मिळून शेंगेन म्हणतात, त्यांच्या व्हिसाचे नियम जवळजवळ एकच आहेत. 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यावे लागतात. फी तेव्हा माणशी 80 युरो होती, जून 2024 पासून 90 झाली. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

फेब्रुवारीत कागद जमवले. बहिणीचे निमंत्रणपत्र आले, शाळेची रजा मंजूर झाली, पगाराच्या स्लिपा झाल्या. अडले ते बँक स्टेटमेंटवर. खात्यात 61 हजार रुपये होते. आमची खरी बचत भिशीत होती. शाळेतील वीस जणांची भिशी, महिना वीस हजार, आणि आमचा नंबर शेवटचा, एप्रिलचा. भिशीचा कागद नसतो, फक्त एकमेकांच्या जबानावर चालते. व्हिसाच्या काउंटरवर जबान चालत नाही.

एजंट म्हणाला, "कोणाकडून तरी महिनाभरासाठी तीन-चार लाख घेऊन खात्यात टाका. सगळेच करतात." आम्ही केले. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवे. मेव्हण्याकडून तीन लाख घेतले, खात्यात भरले, स्टेटमेंट काढले आणि सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन अर्ज दिला.

उत्तर रमजानमध्ये आले. इफ्तारीला अर्धा तास होता. छापील फॉर्म होता. त्यावर कारणे क्रमाने दिलेली असतात आणि लागू असेल त्यापुढे खूण केलेली असते. आमच्या कागदावर दोन खुणा होत्या. एकीचा अर्थ, तुम्ही दिलेल्या माहितीवर विश्वास ठेवता येत नाही. दुसरीचा अर्थ, मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याविषयी वाजवी शंका आहे.

दुसरे वाक्य आम्ही अनेकदा वाचले. परत जाल याविषयी शंका! ज्या घरामुळे, ज्या आईमुळे, ज्या मुलांमुळे आम्ही वीस वर्षे गुलबर्ग्याच्या पुढे जाऊ शकलो नाही, तिथे आम्ही परत येणार नाही? बेगम स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. बहिणीला फोन कोणी करायचा यावरून आम्ही दोघे तरावीहपर्यंत बोललो नाही.

संताप ओसरल्यावर अम्मींनी विचारले, "पराये पैसे अपने बोल के दिखाए ना? फिर वो लोगां क्या भरोसा करेंगे?" पहिल्या खुणेचे उत्तर त्यात होते. 61 हजारांच्या खात्यात एका दिवसात तीन लाख येतात, हे बघणाऱ्याला काय दिसले असेल? नकाराचे नेमके कारण आम्हाला कोणी सांगितले नाही. पण रोजा ठेवून हिशोब केला तर आमच्याकडे तक्रार करायला तोंड उरले नाही. मेव्हण्याचे पैसे दुसऱ्या दिवशी परत केले.

खरा अर्ज

उझबेकिस्तानचा प्रश्न सोपा होता. भारतीयांना तिथला ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. 30 दिवसांच्या एका प्रवेशाचे 20 डॉलर. मुलीने अर्ज भरला आणि काही दिवसांत ईमेलवर कागद आला. पासपोर्ट कोणाकडे पाठवावा लागत नाही, हे त्यातले मोठे सुख.

तुर्कस्तानचे तसे नाही. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा अथवा तिथला राहण्याचा परवाना असलेल्या भारतीयांना तुर्कस्तान ई-व्हिसा देतो. बाकीच्यांना पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा घ्यावा लागतो, सगळ्या कागदांसह. आम्ही बाकीच्यांतले. ईदनंतर, भिशीचे पैसे खात्यात आल्यावर, पुन्हा मुंबई गाठली. या वेळी एक पानाचे पत्र जोडले. हे पैसे कुठून आले, भिशी म्हणजे काय, भिशीतील सहकाऱ्यांच्या सह्या, आणि मार्चमध्ये युरोपचा व्हिसा नाकारला गेला आहे, हेही. एजंट म्हणाला, "नकाराचे स्वतःहून कशाला सांगता?" आम्ही म्हटले, "राहू दे, एकदा चतुराई करून झाली."

त्या मे महिन्यात लोकसभेच्या निवडणुका होत्या. सोलापूरचे मतदान 7 मे रोजी. आम्हा दोघांनाही ड्यूटी लागलेली, दोन वेगळ्या केंद्रांवर. पासपोर्ट मुंबईत, तिकिटे 10 मेची. 4 मेला कुरिअर आले. लिफाफा उघडायचे धाडस होईना, म्हणून मुलाला दिला. तो ओरडला, "लग गया!" 8 तारखेला पहाटे मतदान यंत्रे जमा करून घरी आलो आणि 9 तारखेला कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्लीकडे निघालो. अम्मींनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती.

जिथे उर्दू कामी आली

दिल्लीहून ताश्कंद विमानाने तीन तासांच्या आसपास. मुंबई-सोलापूर रेल्वेप्रवासापेक्षा कमी. ताश्कंद म्हटले की आपल्याला लाल बहादूर शास्त्री आठवतात. 10 जानेवारी 1966 रोजी पाकिस्तानशी करारावर सही करून त्याच रात्री उशिरा ते तिथे वारले. शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. हस्त इमाम संकुलात हरणाच्या कातड्यावर लिहिलेले कुरआनचे प्राचीन हस्तलिखित आहे, हजरत उस्मान रजि. यांच्याशी त्याचा संबंध सांगितला जातो. काचेपलीकडची ती मोठी, ठसठशीत अक्षरे बघून आम्ही दोघेही गप्प झालो.

भाषेची भीती होती, पण बाजारात निम्मी ओळख निघाली. किताब म्हणजे 'किटोब', समोसा म्हणजे 'सोमसा', शाळा 'मकतब', शिक्षक 'उस्तोज', थोरली बहीण 'ओपा'. आभार मानायचे तर 'रहमत'. हिंदुस्तान म्हटले की टॅक्सीवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना राज कपूर आणि शाहरुख खान आठवतात. एका रुपयाला सुमारे दीडशे सोम मिळत, त्यामुळे पाकिटात लाखो असूनही आम्ही तेच मास्तर होतो.

ताश्कंदहून 'अफ्रोसियोब' या वेगवान गाडीने समरकंद दोन तासांवर आहे. रेगिस्तान चौकात उभे राहिलो तेव्हा संध्याकाळचे ऊन निळ्या फरशांवर पडले होते. तीन बाजूंना तीन मदरसे आहेत. सर्वांत जुना उलुगबेगचा, 1420 मध्ये पूर्ण झालेला. उलुगबेग तैमूरचा नातू. राज्य करण्यापेक्षा ताऱ्यांचा हिशोब करण्यात त्याचा जीव रमला. टेकडीवर त्याच्या वेधशाळेतील प्रचंड दगडी कमानीचा जमिनीखालचा भाग शिल्लक आहे, तो 1908 मध्ये सापडला. दुर्बीण नसताना त्याने हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी केली. जयपूरच्या सवाई जयसिंहाने तीनशे वर्षांनी आपली कोष्टके तयार करताना उलुगबेगच्या कामाचा आधार घेतला. वर्गात हे आम्ही दरवर्षी शिकवतो. तिथे प्रत्यक्ष उभे राहिल्यावर बेगम म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी पुस्तक न उघडता शिकवता येईल."

आम्ही पाच दिवस एका घरगुती मुसाफिरखान्यात उतरलो. मालकीण साठीच्या. आम्ही त्यांना आपा म्हणू लागलो. समरकंदमध्ये पुष्कळांची घरची भाषा ताजिक, म्हणजे फारसीच. त्यामुळे त्या बोलत तेव्हा आम्हाला चारातले दोन शब्द कळत, उरलेले त्यांचा नातू मोबाइलवर भाषांतर करून सांगे. लग्नाला वीस वर्षे झाल्यावर हनिमूनला आलो आहोत म्हटल्यावर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

तिसऱ्या रात्री अंगणात चहा पिताना आम्ही व्हिसाची गोष्ट सांगितली. बेगमने बहिणीचा आणि बाळाचा फोटो दाखवला. आपा बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोहर?" म्हणजे बहीण. मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली.

त्यांची बहीण पंजाकेंतला दिलेली. समरकंदहून पंजाकेंत 60 किलोमीटर, सोलापूरहून पंढरपूरपेक्षाही जवळ. पण सोव्हिएत संघ फुटला आणि मधे सरहद्द आली. हे उझबेकिस्तान, ते ताजिकिस्तान. पुढे व्हिसा आला. 2010 मध्ये तिथला नाकाच बंद झाला. आई वारली तेव्हा बहीण जनाज्याला येऊ शकली नाही. आपा म्हणाल्या, "रोह बस्ता बुद." हे वाक्य भाषांतराशिवाय कळले. राह बंद होती. आपल्याकडे लग्नाचा बस्ता म्हणतात, उर्दूत शाळेचे दप्तर बस्ता. मूळ फारसी शब्दाचा अर्थ बांधलेले. इतकी वर्षे शब्द शिकवतो आहोत, त्याचे हे रूप पहिल्यांदा ऐकले.

1 मार्च 2018 रोजी नाका उघडला आणि त्या महिन्यात दोन्ही देशांनी थोड्या दिवसांच्या भेटीसाठी व्हिसाची अट काढून टाकली. बहीण आली ती थेट आईच्या कबरीवर गेली. आठ वर्षांनी दोघींनी एका ताटात पलोव खाल्ला.

त्या रात्री इशाची कस्र नमाज पढताना मनात आले, मुसाफिराचा त्रास ओळखून अल्लाहने चार फर्जांचे दोन केले. आपण माणसांनी मुसाफिराचे कागद मात्र वाढवत नेले.

इब्न बतूताची अडचण

हे आजचेच नाही. इब्न बतूता 1325 मध्ये मोरोक्कोतील तंजाहून निघाला आणि बुखारा, समरकंद करत हिंदुस्तानात आला. आपल्या दौलताबादलाही तो येऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे की मिसर आणि शाम यांच्या सरहद्दीवर कत्या येथे परवान्याशिवाय कोणाला सोडत नसत. मुलतानला तर त्याला वेगळाच प्रश्न विचारला गेला, तू इथे राहायला आला आहेस का? सुलतान मुहम्मद तुघलकाचा हुकूम होता की खुरासानकडून येणाऱ्यांपैकी जे कायम राहतील त्यांनाच आत घ्यावे. काजी बोलावून तसे लिहून घेतले गेले. तेव्हा राहण्याची हमी द्यावी लागे, आज परत जाण्याची. बुखाऱ्यात 1127 च्या उंच कल्याण मिनाराखाली बसून आम्ही यावर खूप हसलो. नकाराच्या कागदावर हसू येण्याची ती पहिलीच वेळ.

इस्तंबूलचा धक्का

नकाराची बातमी बहिणीला शेवटी बेगमनेच सांगितली होती. ती दोन दिवस गप्प होती. मग तिचा फोन आला, "आपा, तुम्ही येऊ शकत नाही, पण मी येऊ शकते." तिच्याकडे राहण्याचा परवाना होता. भारतीय पासपोर्ट असूनही तिला आणि बाळाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळाला. पासपोर्ट तिचाही निळा आणि आमचाही, फरक फक्त आत ठेवलेल्या एका कार्डाचा.

इस्तंबूलबद्दल लिहायला वेगळा लेख हवा. सिनानने बांधलेली, 1557 मध्ये पूर्ण झालेली सुलेमानिया मशीद पाहिली. आयासोफियात 2024 पासून पर्यटकांना 25 युरो तिकीट आहे, नमाजींचा दरवाजा वेगळा आणि विनामूल्य. आम्ही जुहरला गेलो. पण खरे सांगायचे तर आम्हाला त्या शहरातील विमानतळाचा बाहेर येणारा दरवाजाच जास्त आठवतो. बहीण गाडा ढकलत आली. बाळाने मावशीकडे पाहिले, मोबाइलमधली बाई बाहेर कशी आली याचा विचार केला आणि मग रडायला लागले. दोघी बहिणीही. चार दिवस आम्ही एका छोट्या फ्लॅटमध्ये राहिलो. बॉस्फरसवरच्या बोटीत बाळ मावशीच्या कुशीत झोपले आणि युरोप मागे टाकून आशियात आलो तरी उठले नाही. अम्मींच्या डब्यातली शेवटची कडक भाकरी बहिणीने चटणीबरोबर खाल्ली आणि उरलेली चटणी बांधून नेली.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

ज्यांना जायचे आहे त्यांनी आधी घरातील बायकांचे पासपोर्ट उघडून नावाचे रकाने बघावेत. सगळ्या कागदांवर नाव एकच असू द्यावे. निकाहनामा जपावाच, पण विवाहाची नोंदणीही करून घ्यावी. भिशीचे पैसे असतील तर नंबर लवकरचा घ्यावा, म्हणजे रक्कम वेळेत खात्यात दिसेल. दुसऱ्याचे पैसे आपले म्हणून दाखवू नयेत. व्हिसा हातात येण्यापूर्वी परत न मिळणारी तिकिटे काढू नयेत. नकार मिळाला तर तो लपवू नये. पुढच्या अर्जात विचारतात, आणि तेव्हा खोटे बोललात तर तो नकारापेक्षा मोठा डाग असतो.

3 जूनला मुंबईत उतरलो, 4 तारखेच्या सकाळी सोलापुरात. अम्मींनी दारातच विचारले, "आ गए?" आम्ही म्हटले, "आ गए अम्मी." युरोपचा अर्ज पुन्हा करणार आहोत, इन्शाअल्लाह, भाचीच्या वाढदिवसासाठी. जुन्या नकाराची प्रत निकाहनाम्याच्याच फाइलमध्ये ठेवली आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. उझबेकिस्तानात रीत आहे. दूर जाणाऱ्याने निघताना रोटीचा एक घास तोडायचा आणि उरलेली रोटी घरच्यांनी भिंतीवर टांगून ठेवायची. परत येऊन ती त्यानेच संपवायची. आपांचा मुलगा रशियात कामाला आहे, त्याची रोटी त्यांच्या भिंतीवर आहे. आम्ही निघालो त्या सकाळी त्यांनी एक ताजी रोटी आमच्यापुढे धरली. दोघांनी एकेक घास घेतला. आपांनी ती मुलाच्या रोटीशेजारी खिळ्याला लावली आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी बहिणीलाही घेऊन या.